ड्राव्हे सिंड्रोम आणि झेब्राफिश: एवढासा मासा मुलांच्या मेंदूबद्दल काय सांगू शकतो?

प्रश्न थोडक्यात असा: ‘माझी भाची अडीच वर्षांची आहे. सहाव्या महिन्यात तापात पहिली फिट आली, ती अर्ध्या तासाहून जास्त चालली. पुढे ताप नसतानाही येऊ लागल्या. जनुकीय तपासणीत एससीएन१ए या जनुकात दोष निघाला आणि ड्राव्हे सिंड्रोम असे निदान झाले. या आजारावरची औषधे झेब्राफिश नावाच्या माशावर शोधतात असे वाचले. मी जीवशास्त्रात एमएस्सी केले आहे, तरी पटत नाही. एवढ्याशा माशाच्या मेंदूतून मुलीच्या मेंदूबद्दल काय कळणार? आणि तिचाच दोष माशात घालून तिच्यापुरते औषध शोधून घेता येईल का?’

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण घरातली माणसे त्याचीच वाट पाहत असतील. आजच्या घडीला तुमच्या भाचीचा नेमका दोष माशात उतरवून तिच्यासाठी वेगळे औषध शोधण्यात अर्थ नाही. कोणी पैसे घेऊन तसे करून देतो म्हणाले, तरी देऊ नका. पण या आजाराचा मासा आहे, तो दहा वर्षांहून अधिक काळ कामाला लागलेला आहे आणि ड्राव्हेच्या मुलांसाठी त्याने खरोखर काही वाटा दाखवल्या आहेत. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे समजायला आजार आणि मासा दोन्ही जवळून पाहावे लागतील. मी बालमेंदूतज्ज्ञ नाही. गेली अठरा वर्षे झेब्राफिशच्या पिल्लांच्या मेंदूतली विद्युत हालचाल मोजण्याचे काम करते. औषधोपचारात शब्द तुमच्या डॉक्टरांचाच.

आधी आजार. मेंदूतल्या पेशीच्या आवरणात सोडियम आत सोडणाऱ्या बारीक झडपा असतात. झडप उघडली, सोडियम आत शिरले, की पेशी चेतते आणि पुढच्या पेशीला संदेश देते. एससीएन१ए हे जनुक अशाच एका झडपेची, एनएव्ही १.१ची, कृती सांगते. मग मनात येते, की झडपा कमी पडल्या तर मेंदू थंड पडायला हवा, उलट फिट कशी येते? याचे कारण ही झडप कुठे जास्त लागते त्यात आहे. मेंदूत काही पेशी इतरांना चेतवतात, तर काही ‘गाबा’ नावाचे रसायन सोडून इतरांना आवरतात. एनएव्ही १.१वर सर्वांत जास्त भिस्त या आवरणाऱ्या पेशींची असते. त्याच दुबळ्या पडल्या की बाकीच्यांना धरबंध राहत नाही. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात. ड्राव्हेत एक प्रत निकामी असते आणि उरलेल्या एकीवर भागत नाही.

म्हणूनच कार्बामॅझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन ही एरवी फिट्सवर चालणारी औषधे या मुलांना बाधू शकतात. ती सोडियमच्या झडपाच दाबतात, म्हणजे आधीच अर्ध्यावर आलेल्या पेशींना आणखी दाबतात. भाचीच्या फाइलच्या पहिल्या पानावर हे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. रात्री-अपरात्री परगावच्या इस्पितळात न्यायची वेळ आली, तर तिथल्या डॉक्टरांना ते आधी दिसायला हवे. आणखी एक, विचारले नाहीत तरी सांगते: ड्राव्हेच्या बहुतेक मुलांत हा दोष आई-वडिलांकडून आलेला नसतो, तो नव्याने घडलेला असतो. कोणाच्या घराण्यात काय होते यावरून तुमच्या घरी बोलणी होत असतील, तर ती आजच थांबवा.

फ्रान्समधल्या डॉ. शार्लोट ड्राव्हे यांनी १९७८ साली या आजाराचे वर्णन केले. त्यामागचे जनुक २००१ साली बेल्जियममधल्या संशोधकांनी दाखवून दिले. जनुक सापडले म्हणजे औषध सापडले, असे मात्र झाले नाही. एवढ्या मोठ्या जनुकाची चांगली प्रत मेंदूत पोहोचवणे आजही अवघड आहे. त्यामुळे उरतो तो जुना रस्ता: पुष्कळ रसायने घ्यायची आणि त्यांतले कोणते फिट्स थांबवते ते पाहायचे. प्रश्न एवढाच, की पाहायचे कोणावर?

बशीत वाढवलेल्या पेशींवर हजारो रसायने तपासता येतात, पण बशीतल्या पेशीला फिट येत नाही. फिट हा पेशींच्या जाळ्याचा बिघाड आहे, त्याला अख्खा मेंदू लागतो, आणि मेंदूने हलणारे शरीरही लागते. उंदरात हे सगळे आहे, ड्राव्हेचे उंदीरही आहेत आणि आवरणाऱ्या पेशींची वर सांगितलेली गोष्ट उंदरांतच उलगडली. पण उंदरांवर तीनशे रसायने तपासायची म्हटली, तर पिढीमागून पिढी वाढवताना वर्षे निघून जातात. या दोन टोकांच्या मधली जागा झेब्राफिशने घेतली.

हा मासा मूळचा आपल्याच भागातला. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले संथ ओढे, डबकी, भातखाचरे हे त्याचे घर. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेतल्या माशांवरच्या १८२२च्या ग्रंथात त्याची नोंद केली. ॲक्वेरियमच्या दुकानात ‘झेब्रा डॅनिओ’ म्हणून मिळणारा, अंगावर निळे आडवे पट्टे असलेला, बोटाच्या दोन पेरांएवढा मासा तो हाच. अमेरिकेत ऑरेगन विद्यापीठातल्या जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी १९८१ साली त्याला जनुकशास्त्राच्या पटावर आणले. १९९६ साली जर्मनीतले ट्युबिंगेन आणि अमेरिकेतले बॉस्टन इथल्या संशोधकांनी मिळून हजारो दोषयुक्त वाणांची माहिती एकदम प्रसिद्ध केली, तेव्हापासून तो जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचला. २०१३ साली त्याचा संपूर्ण जनुकसंच छापून आला. माणसाच्या सुमारे ७० टक्के जनुकांना या माशात जुळणारे जनुक आहे. आजारांशी नाते असलेली जनुके तेवढी घेतली तर हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर जाते.

आमच्या फिश रूममध्ये दिवस दिव्यांवर चालतो: चौदा तास उजेड, दहा तास अंधार. संध्याकाळी नर आणि मादी एकाच छोट्या टाकीत ठेवायची, मध्ये पारदर्शक पडदा. सकाळी दिवे लागल्यावर पडदा काढायचा. अर्ध्या तासात तळाच्या जाळीखाली दोनेकशे अंडी जमतात, रव्याच्या दाण्याएवढी आणि काचेसारखी आरपार. २८.५ अंश तापमानात ठेवली, की दुसऱ्या दिवशी सकाळी आत धडधडणारे हृदय दिसते. दोन-तीन दिवसांत पिल्लू बाहेर येते आणि पाचव्या दिवशी ते पोहते, दचकते, भक्ष्याच्या मागे लागते. आपल्याकडे मत्स्यबीजवाले अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांना ‘मत्स्यजिरे’ म्हणतात. जिऱ्याएवढ्या, चार मिलिमीटरच्या त्या जिवात सुमारे एक लाख चेतापेशी असतात, आणि कवटी आरपार दिसत असल्याने त्या जिवंतपणी काम करताना पाहता येतात. २०१३ साली अमेरिकेतल्या जनेलिया संशोधन केंद्रात अशा पिल्लाच्या मेंदूतल्या ८० टक्क्यांहून अधिक पेशींची हालचाल एकाच वेळी टिपली गेली. दुसऱ्या कोणत्याही पाठीचा कणा असलेल्या प्राण्यात तोवर हे जमले नव्हते.

ड्राव्हेचा मासा मुद्दाम बनवलेला नव्हता, आणि ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. डोळ्यांच्या हालचालींचे जनुकशास्त्र अभ्यासणाऱ्या गटाने रसायनांनी यादृच्छिक दोष घडवलेल्या माशांची छाननी केली. फिरते पट्टे दाखवले की सुदृढ पिल्लाचे डोळे त्यांच्यामागे फिरत राहतात. एका वाणाची पिल्ले त्यात लवकर थकत होती. शोध घेतला तेव्हा दोष एससीएन१एच्या माशातल्या जोडीदारात निघाला. त्या जनुकाचे नाव एससीएन१एलएबी. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात स्कॉट बाराबान माशांतल्या फिट्सवर आधीपासून काम करत होते. त्यांच्या गटाने हे वाण घेतले, पिल्ले जेलमध्ये स्थिर करून मेंदूत काचेची सूक्ष्म सुई ठेवली, आणि आलेखावर आपोआप उसळणाऱ्या फिट्स दिसल्या. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासूनच.

इथे ‘सापडला ड्राव्हेचा मासा’ असे जाहीर करून मोकळे होता आले असते. त्यांनी तसे केले नाही. पुढचा प्रश्न त्यांनी विचारला, आणि माझ्या मते या सगळ्या क्षेत्रातला तोच खरा प्रश्न आहे: या माशाला औषधे तशीच लागू पडतात का, जशी या मुलांना पडतात? पडली. डायझेपाम, व्हॅल्प्रोएट, स्टिरिपेन्टॉल, पोटॅशियम ब्रोमाइड यांनी माशाच्या फिट्स कमी झाल्या. कीटोजेनिक आहारानेही, म्हणजे भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी पिष्टमय आहारानेही, झाल्या. कार्बामॅझेपिन, एथोसक्सिमाइड, व्हायगाबॅट्रिन यांनी झाल्या नाहीत. ड्राव्हेचे मूल सांभाळणाऱ्या कोणत्याही आईला ही यादी ओळखीची वाटेल. जनुक सारखे असणे ही सुरुवात झाली. आजार तसाच दिसणे ही दुसरी पायरी. पण औषधांना प्रतिसाद सारखा आला, तेव्हाच त्या माशावर नवी औषधे शोधण्याचा अधिकार मिळाला. कोणी ‘अमक्या आजाराचा झेब्राफिश’ म्हणाले, की मी आधी ही तिसरी पायरी शोधते. बहुतेक वेळा ती नसते.

मग त्यांनी ३२० रसायने तपासली. निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. आधी हालचालीची आणि मग मेंदूच्या आलेखाची, अशा दोन्ही चाळण्यांतून टिकले एकच, क्लेमिझोल, १९५०च्या दशकातले ॲलर्जीचे औषध, केव्हाच वापरातून गेलेले. ॲलर्जीची इतर औषधे दिली तर परिणाम शून्य. म्हणजे क्लेमिझोल हे काम हिस्टामिनच्या, ॲलर्जीत शरीर सोडते त्या रसायनाच्या, वाटेने करत नव्हते. पुढे त्याच गटाने २०१७ साली दाखवले, की हे औषध मेंदूतल्या सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाच्या यंत्रणेवर काम करते आणि त्याच यंत्रणेवरची ट्रॅझोडोन आणि लॉर्कासेरिन हीही माशाच्या फिट्स दाबतात. लॉर्कासेरिन तेव्हा वजन कमी करण्यासाठी अमेरिकेत मंजूर होते. इतर उपाय थकलेल्या पाच ड्राव्हे मुलांना ते डॉक्टरांच्या देखरेखीत देण्यात आले आणि त्यांतल्या काहींच्या फिट्स कमी झाल्या. माशाच्या बशीतून मुलाच्या उशाशी इतक्या लवकर पोहोचलेली दुसरी उदाहरणे फार थोडी आहेत. पण पुढचेही सांगायला हवे: कॅन्सरच्या शंकेमुळे २०२० साली लॉर्कासेरिन अमेरिकेच्या बाजारातून काढून घेण्यात आले. क्लेमिझोल मात्र ड्राव्हेसाठी माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत गेले आहे.

आता फेनफ्लुरामिन. हे नाव तुमच्या डॉक्टरांकडून ऐकले असेल. तेही सेरोटोनिनवर काम करते, पण त्याचे श्रेय माशाला देऊ नये. वजन कमी करण्यासाठी दिले जाणारे हे औषध हृदयाच्या झडपा खराब होतात म्हणून १९९७ साली अमेरिकेत बंद झाले. बेल्जियममधल्या बालमेंदूतज्ज्ञांनी मात्र ते फार कमी मात्रेत काही मुलांना चालू ठेवले आणि वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या. २०२० साली अमेरिकेत ते ड्राव्हेसाठी मंजूर झाले, हृदयाची सोनोग्राफी ठरावीक काळाने करत राहण्याच्या अटीवर. बेल्जियममध्येच लूव्हनच्या प्रयोगशाळेत एससीएन१एलएबीच्या माशावर ते तपासले गेले आणि त्याने माशाच्या फिट्सही कमी झाल्या. माझ्या लेखी ही माशाची परीक्षा होती. डॉक्टरांना मुलांत दिसलेले माशानेही सांगितले, म्हणून माशाच्या इतर सांगण्यावर थोडा अधिक विश्वास ठेवता येतो. पण याच औषधाचा हृदयावरचा परिणाम? पाच-सात दिवसांच्या पिल्लावर काही तास तपासून तो कधीच दिसला नसता. मासा ‘हे चालेल का’ याचे उत्तर देऊ लागतो. ‘हे दहा वर्षे देता येईल का’ याचे नाही.

तपासणी प्रत्यक्ष कशी होते हे थोडे सांगते, कारण बातम्यांत ती फार सोपी दिसते. ९६ खणांची प्लेट, प्रत्येक खणात एक पिल्लू, वर कॅमेरा. फिट येणारे पिल्लू आधी सैरावैरा पोहते, मग भोवऱ्यासारखे गोल फिरते, मग अंग आखडून कलंडते. संगणक प्रत्येकाचा वेग आणि अंतर मोजतो. पाण्यात औषध टाकले, ते त्वचेतून आणि कल्ल्यांतून आत गेले, की पुन्हा मोजायचे. हालचाल कमी झाली म्हणजे फिट थांबली का? मुळीच नाही. पिल्लू गुंगीत गेले असेल, स्नायू ढिले पडले असतील, मरायला टेकले असेल. म्हणून दुसरी चाळणी हवी: वेग कमी करणारे प्रत्येक औषध पुन्हा घेऊन, जेलमध्ये रोवलेल्या पिल्लाच्या मेंदूत सुई ठेवून आलेख घ्यायचा. सुईचे टोक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे. दिवसभर बसले तर मोजकीच पिल्ले होतात. कितीतरी ‘यशस्वी’ औषधे इथे गळतात. ही दुसरी चाळणी न लावता छापलेल्या निष्कर्षांवर मी वेळ घालवत नाही.

पहिल्या चाळणीतही फसायला होते. मी स्वतः फसले आहे. या दोषाची पिल्ले भावंडांपेक्षा काळपट दिसतात, त्यांच्या त्वचेतला रंग आक्रसत नाही. सुरुवातीच्या वर्षांत आमचा कॅमेरा फिकट पार्श्वभूमीवर गडद ठिपका शोधायचा. काळी पिल्ले त्याला नीट दिसायची, फिकट भावंडे मधूनमधून हरवायची, आणि हरवलेल्या वेळात त्यांनी कापलेले अंतर शून्य मोजले जायचे. त्यामुळे दोष असलेली पिल्ले प्रत्यक्षात होती त्याहून चंचल वाटत होती. तीन महिन्यांचे आकडे मी टाकून दिले. त्या दिवसापासून चित्रफितीतली निदान दहा टक्के पिल्ले मी डोळ्यांनी पाहते, आणि कोणत्या खणात काय आहे हे मोजणाऱ्याला कळू देत नाही. प्लेटच्या कडेच्या खणांतले पाणी लवकर उडते, तिथली औषधाची मात्रा आपोआप वाढते. दाराचा आवाज झाला की सगळी पिल्ले एकदम दचकतात. सकाळची पिल्ले आणि दुपारची पिल्ले सारखी वागत नाहीत. तुलना करायची ती एकाच दिवसाच्या, एकाच आई-बापाच्या भावंडांशी. असले बारीकसारीक सांभाळले नाही, तर पुढचे सगळे निष्कर्ष वाळूवर उभे राहतात.

आता मर्यादा, आणि त्यांतूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर येईल. माशांच्या पूर्वजांत फार पूर्वी संपूर्ण जनुकसंच दुप्पट झाला. त्यामुळे माणसाच्या एका जनुकाला माशात पुष्कळदा दोन जोडीदार असतात. एससीएन१ए या जनुकालाही दोन आहेत. म्हणून तुमच्या भाचीसारखी एकच प्रत बिघडलेला मासा वरवर सुदृढच दिसतो. फिट्स येणारा मासा हवा असेल, तर एससीएन१एलएबीच्या दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात, आणि अशी पिल्ले दोन आठवड्यांच्या आत मरतात. भाचीच्या रक्तातला नेमका दोष आम्ही कात्री-जनुकतंत्राने, म्हणजे क्रिस्परने, माशात घातलाही, तरी एका प्रतीत घातल्यास काही दिसणार नाही, आणि दोन्हींत घातल्यास ती तिची अवस्था नसेल. शिवाय ड्राव्हेत बहुतेक वेळा दोष वेगवेगळे असले तरी परिणाम एकच: एक प्रत कामातून गेली. मग तिच्यासाठी वेगळा मासा केल्याने जे दिसेल, ते आहे त्या माशात दिसतेच. एखाद्या दोषामुळे झडप बंद पडते की उलट जास्त उघडते, हा प्रश्न खराच महत्त्वाचा असतो, कारण त्यावर औषधे बदलतात. पण त्याचे उत्तर बशीतल्या पेशीत ती झडप बसवून विद्युतप्रवाह मोजल्याने जास्त नेमके मिळते. फिट्स पहिल्या तीन महिन्यांतच सुरू झाल्या असत्या, तर मी तुम्हाला डॉक्टरांशी हे बोला असे सांगितले असते. तुम्ही दिलेले वर्णन नेहमीच्या ड्राव्हेचे आहे.

जनुकाच्या या जोड्या कधी कधी फार विचित्र खेळ करतात. एसटीएक्सबीपी१ या जनुकाच्या दोषानेही लहान मुलांत गंभीर फिट्स येतात. बाराबान यांच्याच गटाने २०१६ साली त्याचे दोन्ही माशातले जोडीदार एकेक करून बिघडवले. एकातली पिल्ले जवळजवळ निपचित पडून राहत, मेंदूची विद्युत हालचालही मंद. दुसऱ्यातल्या पिल्लांना फिट्स. जनुक मुलात एक, माशात त्याच्या दोन अर्ध्या गोष्टी. यांतला कोणता मासा त्या मुलाचा? दोन्हीही आणि एकही नाही. असे उत्तर ऐकायला कोणाला आवडत नाही, पण खरे तेच आहे. पुढे त्यांनी लहान मुलांच्या गंभीर अपस्माराशी जोडलेल्या जनुकांचे सुमारे चाळीस वाण तयार करून तपासले. निष्कर्ष २०२१ साली आले. आपोआप फिट्स दिसल्या त्या फक्त ८ वाणांत, आणि एससीएन१ए त्यांतला एक. हा आकडा मी प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात सांगते. ज्या बाकीच्या वाणांत फिट्स दिसल्या नाहीत, त्यांचे निष्कर्षही प्रामाणिकपणे छापले गेले, याचे मला विशेष कौतुक वाटते.

दुसरा एक धडा आमच्या क्षेत्राने महागात घेतला. २००० ते २०१२च्या काळात जनुक कायमचे बिघडवण्यापेक्षा ‘मॉर्फोलिनो’ नावाचे रेणू अंड्यात टोचून त्याचे काम तात्पुरते दाबणे सोपे होते. दोन दिवसांत निकाल मिळे. २०१२ साली अशाच पद्धतीने एक गाजलेला निष्कर्ष आला: स्वमग्नतेशी जोडलेल्या १६व्या गुणसूत्रावरच्या तुकड्यातले केसीटीडी१३ हे जनुक डोक्याचा आकार ठरवते. २०१७ साली दुसऱ्या गटाने तेच जनुक उंदरात आणि माशात खरोखर काढून टाकले. मेंदूच्या आकारात फरक पडला नाही. पेशींमधल्या जोडण्यांवर मात्र परिणाम दिसला, म्हणजे जनुक महत्त्वाचे होते, पण वेगळ्या कारणाने. मॉर्फोलिनोच्या आडवळणी परिणामांमुळे अशी किती तरी कामे पुन्हा तपासावी लागली. त्याला दुसरी बाजूही आहे: जनुक कायमचे बिघडवले, की मासा कधी कधी त्याच्या भावंड-जनुकांचे काम वाढवून उणीव भरून काढतो. जर्मनीत डिडिए स्टेनिए यांच्या प्रयोगशाळेने हे २०१५मध्ये दाखवले. त्यामुळे ‘काही दिसले नाही’ यालाही लगेच ‘जनुक निरुपद्रवी’ म्हणता येत नाही.

मासा कुठे सर्वांत चोख बोलतो ते सांगू? शरीरातल्या रसायनांच्या साखळीत एखादी कडी तुटल्याने येणाऱ्या फिट्समध्ये. एएलडीएच७ए१ या जनुकाच्या दोषात शरीरातले ब जीवनसत्त्व, बी६, निकामी होत राहते आणि नवजात बाळाला कोणत्याही औषधाने न थांबणाऱ्या फिट्स येतात. बी६ दिले की थांबतात. २०१७ साली हे जनुक बिघडवलेला मासा तयार झाला: त्यालाही फिट्स, त्याच्याही शरीरात तीच घातक रसायने साठलेली, आणि पाण्यात बी६ मिसळले की फिट्स आटोक्यात. इथे आजाराचे कारण, खुणा आणि उपाय तिन्ही जुळले. असा मासा हाताशी असला, की बी६च्या पुढे काय, मुलांच्या वाढीत तरीही राहणारी उणीव कशाने भरेल, हे त्याला विचारता येते. दोन्ही प्रती बिघडल्यावरच होणाऱ्या अशा आजारांत, तपासणीत ‘अर्थ निश्चित नाही’ असा शेरा आलेला दोषही माशात तपासून पाहण्यासारखा असतो: जनुक नसलेल्या माशाला माणसाच्या जनुकाची चांगली प्रत देऊन तो सुधारतो का, आणि मुलातली प्रत देऊन सुधारतो का, हे पाहायचे. अशा कुटुंबांना मी ‘नाही’ म्हणत नाही.

स्वभाव, बोलणे, शिकणे यांबद्दल मात्र मी हात आखडता घेते. ड्राव्हेत फिट्सइतकाच त्रास पुढे चालण्याचा, बोलण्याचा आणि झोपेचा असतो. माशाची झोप आम्ही मोजू शकतो, सवयीने दचकणे कमी होते का तेही मोजू शकतो. पण माशाला आपल्यासारखे सहा थरांचे मेंदूचे बाह्यावरण नाही, आणि दोन आठवड्यांत संपणाऱ्या आयुष्यातून पाच वर्षांच्या मुलाची वाढ वाचता येत नाही. त्या बाजूला उंदीरच पुढे आहेत. एससीएन१एच्या उरलेल्या चांगल्या प्रतीकडून जास्त प्रथिन काढून घेणारा जो उपचार आता माणसांवरच्या चाचण्यांत बराच पुढे आला आहे, मणक्यातून इंजेक्शनने दिला जाणारा, त्याची पायाभरणी उंदरांवर झाली. तो आजाराच्या मुळाशी जातो. तुम्ही कोणत्या बातमीकडे लक्ष ठेवावे असे विचाराल, तर मी माशाच्या नव्हे, या उपचाराच्या चाचण्यांकडे बोट दाखवीन. आपल्याकडे तो कधी येईल, चाचणीत सहभाग शक्य आहे का, हे तुमच्या बालमेंदूतज्ज्ञांना विचारा.

आणि कृपा करून क्लेमिझोल, ट्रॅझोडोन किंवा असे काही कोणाकडून मागवून घरी देऊन पाहू नका. माशाला आम्ही औषध पाण्यातून देतो; त्याच्या मेंदूत किती पोहोचले याचा अंदाजही धूसर असतो. त्या आकड्यावरून बारा किलोच्या मुलीची मात्रा काढता येत नाही. तिची आताची औषधे वेळेवर, ताप चढू न देणे, कडक गरम पाण्याची अंघोळ टाळणे, पाच मिनिटांवर चाललेल्या फिटसाठी नाकातून द्यायचे औषध घरात, पाळणाघरात आणि प्रवासाच्या पिशवीत, हे माझ्या सगळ्या माशांपेक्षा आज तिच्या जास्त कामाचे आहे. प्रत्येक फिटची तारीख, वेळ, तापमान आणि शक्य तर मोबाइलवरची चित्रफीत ठेवा. पुढे कुठल्याही चाचणीत तिला घ्यायचे ठरले, तर या नोंदीच पहिल्यांदा मागतील.

तुम्ही एमएस्सी आहात आणि पटत नाही म्हणालात, म्हणून शेवटचे. आपल्याकडे मुंबईत टीआयएफआर, पुण्यात आघारकर संशोधन संस्था, हैदराबादला सीसीएमबी, बंगळूरला एनसीबीएस अशा ठिकाणी झेब्राफिश आहेत. कुठे त्वचेवर, कुठे हृदयावर, कुठे मेंदूवर काम चालते. जवळच्या ठिकाणी आधी लिहून परवानगी मागा आणि पाच दिवसांचे पिल्लू सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला मिळेल का विचारा. डोक्यावरून आत पाहिले, की दोन डोळ्यांच्या मध्ये मेंदूचे भाग वेगवेगळे ओळखू येतात: पुढे अग्रमेंदू, मग दोन्ही बाजूंना फुगीर असा दृष्टीचा भाग, मागे अनुमस्तिष्क. आम्ही सुई ठेवतो ती त्या फुगीर भागात.